सोमवारचं पत्र

ती आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिला मराठीतले चारच शब्द येत होते: नमस्कार, पाणी, थोडं आणि बास. वय एकवीस. तिच्या देशातल्या एका लहानशा गावातल्या चर्चनं तिला दीड वर्षासाठी धर्मसेवेला पुण्यात पाठवलं होतं. खडकीतल्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीत तिनं मुलांचे इंग्रजीचे वर्ग घ्यायचे, घरोघरी जाऊन आजाऱ्यांना भेटायचं, प्रार्थनेला बसायचं, असं तिचं काम होतं. पण त्यासाठी मराठी यायला हवी होती. बाबांचे दारूगोळा कारखान्यातले एक जुने सहकारी त्या मंडळीत होते. त्यांनी बाबांना फोन केला. "तुमची मुलगी परदेशी लोकांना मराठी शिकवते ना? या पोरीला तुमच्याच घरी ठेवून घ्या. चार महिन्यांत बोलायला लागेल."

बाबांनी आईला विचारलं, आईनं मला विचारलं. वारज्याच्या घराची वरची खोली तशीही रिकामीच होती. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि कंपन्यांमध्ये आलेल्या परदेशी साहेबांना "रिक्षावाले काका, मीटरनं चला" वगैरे शिकवून कंटाळले होते. खरंच भाषा शिकायची आहे असं कुणीतरी हवं होतं मला.

पहिल्या दिवशी बाबांनी तिला बसवून एक गोष्ट स्पष्ट केली. आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. घरात रोज सकाळी बुद्धवंदना होते, रविवारी विहार. मी तिला ते इंग्रजीत सांगत होते आणि ती काळजीनं ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, की खोलीत तिची प्रार्थना केलेली चालेल का.

बाबा म्हणाले, "तिला सांग, आमच्याकडे देव नाही. त्यामुळे तुझ्या देवाला जागा भरपूर आहे."

मी ते सांगितल्यावर ती इतकी मोकळी हसली, की आईला ती तिथल्या तिथे आवडली. आई तिला पाहुणी म्हणायला लागली आणि मग आम्ही सगळेच तिला पाहुणी म्हणायला लागलो.

तिचा दिवस घड्याळाला बांधलेला असायचा. साडेपाचला उठायची. मी गच्चीवर कपडे काढायला गेले, की खिडकीतून दिसायची, खाटेशेजारी गुडघे टेकून, कपाळ गादीवर ठेवून. मग तासभर वाचन. सातला खाली येऊन आईच्या हातचा चहा आणि पोळी. पोळीला ती साखर लावून खायची आणि बाबा दुसरीकडे बघायचे. आठ ते दहा माझ्यासमोर टेबलावर मराठी. मग लांब स्कर्ट, पाठीला सॅक, डबा, आणि दोन बस बदलून खडकी. संध्याकाळी सहाच्या सुमारास धूळ खाऊन परत. सिनेमा बघायचा नाही, गाणी ऐकायची ती फक्त भजनाची, घरच्यांशी फोनवर बोलायचं ते रविवारीच. तिच्याकडे एक वही होती. त्यात अर्ध्या अर्ध्या तासाचे चौकोन आखलेले, आणि रोज झोपण्याआधी ती एकेक चौकोन भरायची.

सोमवार तिच्या सुट्टीचा. त्या दिवशी ती बादलीभर कपडे धुवायची आणि दुपारी लॅपटॉप घेऊन घरी पत्र लिहायला बसायची. दर आठवड्याचं पत्र हा तिच्या कामाचाच भाग होता. ते तिच्या गावच्या चर्चमध्ये वाचलं जायचं. आई मला दटावायची, "वर जाऊन वटवट करू नकोस. लेकरू घरी पत्र लिहितंय." आणि स्वतः मात्र आल्याचा चहा घेऊन जिना चढायची, कप हळूच ठेवून खाली यायची.

शिकायला ती विलक्षण होती. ळ यायला तिला सहा आठवडे लागले. "कळलं" म्हणायचं तर "कललं" म्हणायची. आई भाजी निवडता निवडता तिच्याकडून म्हणवून घ्यायची: बाळ, केळं, तळं, सकाळ. एके दिवशी बसमधून उतरून ती धावतच घरात आली आणि दारातूनच ओरडली, "आई, कंडक्टरला माझं कळलं!" ळ अगदी स्वच्छ. आईनं तिला साखर भरवली.

वाचनासाठी पाठ्यपुस्तकातले धडे तिला नीरस वाटायला लागले, तेव्हा मला एक युक्ती सुचली. माणसाला अर्थ आधीच ठाऊक असलेला मजकूर दिला, की भाषा लवकर चढते. मी कॅम्पातल्या एका दुकानात जाऊन मराठी बायबल आणलं. त्यातल्या गोष्टी तिला पाठ होत्या, त्यामुळे वाक्य अडलं तरी अर्थ अडायचा नाही. रोज रात्रीच्या जेवणाआधी आम्ही अर्धा तास ते वाचायचो. ती वाचायची, मी चुका काढायची. बाबा बाजूला वर्तमानपत्र वाचत बसलेले असायचे. मधेच म्हणायचे, "भाषा जुनी आहे, पण छान आहे." बास, इतकंच.

पावसाळा सरता सरता तिला टायफॉईड झाला. तीन आठवडे ती वरच्या खोलीत पडून होती. माझे वर्ग कोथरूडला होते, बाबा त्यांच्या पेन्शनर मित्रांच्या कामात. दिवसभर तिच्याजवळ आई असायची. पेज करून भरवायची, डोक्यावर पट्ट्या ठेवायची, केस विंचरून द्यायची. एकदा मी दुपारी लवकर आले. जिन्यातूनच आईचा आवाज ऐकू आला. हळू, सलग, मला अनोळखी वाटावा असा. मी दारात पोचले तशी आई थांबली. पाहुणीचे डोळे मिटलेले होते.

"काय बोलत होतीस गं?" मी विचारलं.

"काही नाही. तिला कुठे सगळं कळतंय? आपली बडबड. तेवढाच आवाज सोबतीला," आई म्हणाली.

इथे मला माझ्या भावाबद्दल सांगायला हवं. मला एक मोठा भाऊ होता. तो पंधरा वर्षांचा असताना मित्रांबरोबर खडकवासल्याला पोहायला गेला आणि बुडाला. तेव्हा आम्ही खडकीच्या क्वार्टर्समध्ये राहायचो आणि मी चार वर्षांची होते. मला त्याचा फक्त एक पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट आठवतो. त्याचा फोटो कपाटात होता, भिंतीवर नव्हता. घरात त्याच्याबद्दल कुणी बोलायचं नाही. सुट्टीत सगळं पुणं धरणावर कणसं खायला जायचं, आम्ही कधी गेलो नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, मला सगळं ठाऊक आहे.

पाहुणी बरी झाली, पुन्हा कामाला लागली. हिवाळ्यात तिच्या गावचं एक वयस्कर जोडपं भारत बघायला आलं. तिच्या चर्चमधले मोठे मानाचे लोक. ते पुण्यात दोन दिवस थांबणार होते आणि त्यांना आमच्या घरी यायचं होतं. आईनं आदल्या दिवशी चकल्या तळल्या. सकाळी शिरा केला. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मी दुभाषी.

बाबांच्या इंग्रजीबद्दल सांगायचं तर, ते बोलत नसत. पण तीस-बत्तीस वर्षं कारखान्यातली इंग्रजी परिपत्रकं वाचलेला माणूस. कळायचं सगळं. पाहुण्यांना हे माहीत नव्हतं. पाहुणीलाही बहुधा नव्हतं.

बाई आत आल्या आणि त्यांनी सरळ आईचे दोन्ही हात धरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या म्हणाल्या, की मी तुम्हाला कितीतरी दिवसांपासून ओळखते असंच वाटतंय. दर रविवारी हिचं पत्र आमच्याकडे वाचलं जातं. तुमच्या मुलाबद्दलचं पत्र वाचलं त्या दिवशी सगळं सभागृह रडत होतं.

आईनं माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतायत गं?"

"म्हणतायत, भेटून फार आनंद झाला."

बाई बोलतच राहिल्या. मवाळ आवाजात, आईचे हात न सोडता. त्या म्हणाल्या, आई म्हणून मी तुमचं दुःख समजू शकते. त्या सकाळी रागाच्या भरात तुम्ही त्याला 'जा, मला तोंड दाखवू नकोस' म्हणालात, आणि तो परत आलाच नाही. इतकी वर्षं हे तुम्ही नवऱ्यालाही सांगितलं नाहीत. आणि त्याच धरणाचं पाणी तुमच्या नळाला येतं, त्याच पाण्यात तुम्ही रोज भात शिजवता. आम्ही सगळे प्रार्थना करतो, की तुम्ही स्वतःला क्षमा करावी.

हे मी पहिल्यांदा ऐकत होते. माझ्या आईची गोष्ट, माझ्याच घरातल्या टेबलावर, एका परक्या बाईच्या तोंडून, परक्या भाषेत. बाबांनी कप बशीत ठेवला. त्याचा आवाज झाला नाही, इतका हळू ठेवला. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि पाहुणीकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आई वाट बघत होती. "सांग ना."

"म्हणतायत," मी म्हणाले, "तू पाहुणीची आजारपणात फार सेवा केलीस. त्या विसरणार नाहीत."

आईचा चेहरा फुलला. "अगं, त्यात काय? सांग त्यांना, लेकरासारखीच आहे ती मला. आणि शिरा घ्या म्हणावं, गार होतोय."

टेबलाभोवती सहा माणसं होती. त्यातल्या तिघांना ठाऊक होतं, की मी खोटं बोलले. मी, बाबा आणि पाहुणी. मी शिकवलेल्या मराठीमुळे तिला ते कळलं होतं.

मग ते गृहस्थ माझ्याकडे वळले. मोठ्या प्रेमानं म्हणाले, की तूच ना ती बहीण, जिनं स्वतःहून आमचा धर्मग्रंथ आणला आणि रोज संध्याकाळी वाचते? तू अगदी जवळ आली आहेस, असं आम्हाला कळलंय.

आणि बाबा, जे कधी इंग्रजीत बोलत नसत, ते इंग्रजीत बोलले. "कशाच्या जवळ?"

गृहस्थ थोडे दचकले. हसून म्हणाले, "सत्याच्या."

बाबांनी एकेक शब्द जुळवत, शांतपणे सांगितलं, "माझे वडील छप्पन साली चालत गेले त्यांच्या सत्याकडे. आम्ही तेव्हापासून तिथेच राहतो. आपण चकली घ्या ना."

त्यांनी चकली घेतली. काय करणार? अर्ध्या तासानं ते गेले. आईनं त्यांना पिशवीत चकल्या बांधून दिल्या.

संध्याकाळ व्हायच्या आत मी वर गेले. ती खाटेवर बसली होती, लॅपटॉप मांडीवर. जणू माझीच वाट बघत होती. मी म्हटलं, "दाखव." तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

मी जमिनीवर बसून तिची पत्रं वाचली. सुरुवातीची साधी होती. बस, ऊन, भाजीवाल्या बायका, खोबऱ्याची चटणी. मग हळूहळू आमचं घर वेगळं दिसायला लागलं. बाबा सकाळी मूर्तीपुढे हात जोडतात तेव्हा त्यांचे डोळे रिते असतात, असं लिहिलं होतं. "आई रोज पहिली पोळी मला वाढते, जणू तिला कळलंय की मी कुणाचा निरोप घेऊन आलेय," असं होतं. मी बायबल विकत आणलं हे होतं, का आणलं ते नव्हतं. आईचा फोटोही होता, पट्टी बदलताना काढलेला. आणि त्या दुपारची गोष्ट, अख्खी, एक वाक्य न गाळता. खोटं म्हणून बोट ठेवावं असं वाक्य मला सापडेना. पण त्या पत्रांत राहणारी माणसं आम्ही नव्हतो.

"मी खोटं नाही लिहिलं, ताई," ती मराठीत म्हणाली.

"आईला वाटलं, तुला कळत नाहीये."

"मला कळत होतं."

"किती?"

"सगळं."

"मग तिला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर त्या बोलायच्या थांबल्या असत्या."

रागानं ओरडावं तर खाली आई भांडी घासत होती.

ती रडत रडत सांगत राहिली. तिच्या वरचे लोक दर आठवड्याला विचारायचे, कोण जवळ आलं, किती जवळ आलं. सहा महिने तिच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. पत्र जायचं आणि कुणाचं उत्तर यायचं नाही, फक्त तिच्या आईचं. आजारपणानंतरचं पत्र गेलं आणि ढीगभर उत्तरं आली. न ओळखणाऱ्या लोकांची. "ते खरंच प्रार्थना करतात, ताई. आमच्याकडे ह्यालाच प्रेम म्हणतात."

"आमच्याकडे आधी विचारतात," मी म्हटलं.

तिनं डोळे पुसले. मग माझ्याकडे बघून, भांडणाच्या सुरात नव्हे, अगदी हळू म्हणाली, "आज टेबलावर तुम्ही पण आईंना खरं सांगितलं नाही."

मी उठून खाली आले.

आठवड्याभरात ती खडकीत मंडळीतल्या एका कुटुंबाकडे राहायला गेली. कारण म्हणून तिनं बसचा त्रास सांगितला. आईला ते पटलं नाही. ती दोन दिवस मला विचारत होती, "माझं काही चुकलं का गं? पथ्याचं फार कडक केलं का मी?" मी म्हणायची, नाही गं, तिचं काम वाढलंय. एका खोट्यावर दुसरं ठेवत गेले. पाहुणी निघाली तेव्हा आईनं तिला मेथीचे लाडू दिले. ती आईच्या पाया पडली आणि कितीतरी वेळ उठलीच नाही. आईला वाटलं, मायेनं. मी दारात हाताची घडी घालून उभी होते. मला तो प्रकार बघवत नव्हता.

बाबा दहा-बारा दिवस काही बोलले नाहीत. वर्तमानपत्र, विहार, औषधं, सगळं नेहमीसारखं. मग एका सकाळी ते गॅलरीत बसले होते आणि त्यांनी आईला हाक मारली. मी स्वयंपाकघरात होते, मला ऐकू येत होतं.

"अगं, बस जरा. तू त्या दिवशी रागावली नसतीस तरी तो गेलाच असता. आदल्या दिवसापासून त्याचं ठरलं होतं. सायकलला हवा मीच भरून दिली होती."

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं. ती चालू होऊन निघून गेली.

"तुम्हाला कुणी सांगितलं, अहो?"

बाबांनी सगळं सांगितलं. पत्रं, पाहुण्या बाई, टेबल. आवाज न चढवता. मी गॅस बंद करून ओट्याला टेकून उभी राहिले. मला वाटलं आई रडेल. ती उठून आत आली आणि माझ्यासमोर थांबली.

"ती बाई माझे हात धरून हे बोलत होती?"

"हो."

"आणि मी तिला शिरा घ्या म्हणत होते."

"आई, मला काय करावं सुचलं नाही. सगळ्यांसमोर..."

"ती परकी होती," आई म्हणाली. "तिला माझं काय? पण तू माझ्या शेजारी बसली होतीस. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते, काय सांगतेस म्हणून."

तिनं गॅस पुन्हा लावला आणि कुकर चढवला. चार दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. पाहुणीबद्दल तिनं एकही वाईट शब्द काढला नाही. मी काढला, तर उठून जायची. मला तेव्हा ते असह्य व्हायचं. जिनं विश्वास मोडला तिला सूट आणि मला शिक्षा, हा कुठला न्याय? आता कधीकधी थोडं कळतं, कधीकधी अजिबात कळत नाही.

त्यानंतर एक मात्र झालं. भावाचा फोटो कपाटातून निघाला आणि दिवाणखान्यात लागला. बाबांनीच खिळा ठोकला. आई आता त्याच्याबद्दल बोलते. त्याला कारल्याची भाजी आवडायची, हे मला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी कळलं. लोक म्हणतील, म्हणजे शेवटी भलंच झालं की. मला तसं म्हणवत नाही. ज्यांनी भलं केलं त्यांना ते करायला कुणी बोलावलं नव्हतं.

पाहुणी मुदत संपवून तिच्या देशी परतली. जाताना ती घरी आली नाही. वर्षभरानं आईच्या नावानं एक जाड पाकीट आलं. आत हातानं लिहिलेली सात पानं, मराठीत. अक्षर लहान मुलासारखं, पण ऱ्हस्व-दीर्घही बरेचसे बरोबर. हे मला पाकिटावर मराठीतही लिहिलेल्या पत्त्यावरून दिसलं, कारण पानं आईनं मला दाखवली नाहीत. चष्मा लावून खिडकीशी बसून तिनं ती दोनदा वाचली.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"माझं पत्र आहे," आई म्हणाली आणि घडी घालून ते तिच्या पिशवीत ठेवलं.

तिनं उत्तरही लिहिलं, तीन दिवस बसून. पाकीट स्वतः चिकटवलं आणि मग पोस्टात टाकायला मला दिलं. मी ते टाकलं.

मला ती फोनवर निरोप पाठवते. माझ्या वाढदिवसाला, दिवाळीत. एकदा तिनं लिहिलं, की तिनं ते काम सोडलंय आणि आता ती गावच्या शाळेत शिकवते. एकदा फक्त एवढंच लिहिलं, "ताई, मी चुकले." मी अजून एकाही निरोपाला उत्तर दिलेलं नाही. मी आजही मराठी शिकवते, पण घरी कुणाला बोलावत नाही. कर्वेनगरला एक खोली घेतलीय, वर्ग तिथेच. नवीन विद्यार्थी पहिल्यांदा चुकत-माकत सबंध वाक्य बोलतो, तेव्हा मला आनंद होतो आणि त्याच क्षणी तिची आठवण येते. तिच्याइतकं चांगलं कुणी शिकलं नाही, हे मला मान्य करावं लागतं आणि त्याचाच राग येतो.

आई मधूनमधून विचारते, "तिला उत्तर दिलंस का?"

"नाही," मी म्हणते.

"बरं," आई म्हणते, आणि पुढचं काम करायला लागते.